नाटकं करू नकोस!

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात आम्हाला नाटक शिकवलं.

म्हणजे झालं असं, की एका बुधवारी एचआरचा मेल आला. शुक्रवारी दुपारी दोन ते सहा थिएटर वर्कशॉप, विषय 'कम्युनिकेशन', उपस्थिती सक्तीची. सोमवारी रिलीज होता, त्यामुळे सगळ्यांनी कपाळावर हात मारला. पण सक्ती म्हणजे सक्ती. कॉन्फरन्स रूममधली टेबलं भिंतीला लावलेली, बूट दाराबाहेर, आणि मधे एक हसतमुख बाई उभी. तिनं आमच्या जोड्या लावल्या आणि एक खेळ दिला. एकानं एक वाक्य बोलायचं, दुसर्‍यानं 'हो, आणि...' म्हणून ते पुढे न्यायचं. आधी काही ठरवायचं नाही. बस्स, एवढंच.

माझ्या जोडीला आमचा टेस्टर होता. तो म्हणाला, "आपली एसटी घाटात बंद पडलीय." मी म्हणालो, "हो, आणि मी कालच नवीन छत्री घेतली." कारण तो तोंड उघडायच्या आधीपासूनच मी पावसाचं एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. सगळे हसले. ती बाई मात्र हसली नाही. म्हणाली, "तू ऐकत नव्हतास. तू तुझा नंबर कधी येतो याची वाट बघत होतास."

मी वरमलो. पण त्याहून जास्त मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणानं. हेच वाक्य मला चौदा वर्षांपूर्वी एकानं ऐकवलं होतं, मालवणीत आणि फुकट.

*

आमचं गाव देवबाग. मालवणहून तारकर्ली ओलांडून आणखी पुढे आलात की जिथे जमीन संपते तिथे. एका बाजूला समुद्र, दुसर्‍या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी, आणि टोकाला संगम. आता तुम्ही स्कूबा आणि डॉल्फिनसाठी येता, तेच ते. (गिरणी संपाचे डॉ. दत्ता सामंत याच गावचे. म्हणजे बोलण्याच्या बाबतीत गावाला कमीपणा नाही, माझ्यासारखे अपवाद असायचेच.)

२०१२ साली मी नववीत होतो. शाळेचं नाव सांगत नाही. गॅदरिंगला आमच्या सरांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीवर नाटक बसवलं होतं. मला हेराचा पार्ट होता, चार वाक्यांचा. माझा वर्गातला एक मित्र होता, त्याला भालदार केलं होतं, शून्य वाक्यांचा. कारण सर म्हणाले होते, याची भाषा शुद्ध नाही. नुसता भाला धरून उभा राहू दे.

या मित्राचे काका दशावतारी कंपनीत होते, आणि हा सातवीपासून जत्रांच्या दिवसांत त्यांच्याबरोबर जायचा. कधी प्रल्हाद, कधी बाळकृष्ण. रात्रभर उभा राहायचा आणि सकाळी शाळेत येऊन शेवटच्या बाकावर झोपायचा. सर डस्टर फेकून मारायचे आणि म्हणायचे, "रात्री नाटकं, दिवसा झोपा. बंद कर ही नाटकं!"

तर गॅदरिंग. माझी एंट्री झाली. पळत पळत आलो, मुजरा केला, समोर बघितलं. मंडपात पाच-सहाशे माणसं, पहिल्या रांगेत माझी आई. आणि डोकं कोरं! गलबतं एवढं आठवत होतं, कुणाची गलबतं, कुठे निघाली, काही नाही. महाराज झालेला मुलगा माझ्याकडे बघतोय, मी मंडपाकडे बघतोय. विंगेतून सर कुजबुजतायत, ते ऐकूच येईना.

तेवढ्यात भालदार दोन पावलं पुढे आला. भाला आडवा धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "महाराज, तीन रात्री समुद्राच्या लाटा अंगावर झेलीत हा हेर इथवर आला आहे. याचा कंठ सुकला आहे. आज्ञा व्हावी, मी याजकडून वार्ता काढून घेतो." मग माझ्याकडे वळून, "बोल रे हेरा. गलबतं किती पाहिलीस?"

आता बघा, त्यानं मला वाक्य नाही दिलं. प्रश्न दिला. नुसतं 'पाच' म्हटलं असतं तरी गाडी पुढे गेली असती. पण मी पाठ केलेलं वाक्य शोधत मंडपाकडेच बघत राहिलो. मग त्यानंच माझ्या तोंडाजवळ कान नेला, काहीतरी ऐकल्यासारखं केलं, आणि महाराजांना सांगितलं की बारा गलबतं आहेत, सिद्दीची आहेत. टाळ्या! आख्ख्या नाटकाला मिळाल्या नाहीत एवढ्या.

दुसर्‍या दिवशी सरांनी त्याला उभं केलं. स्क्रिप्टमधे नसलेलं बोललास का म्हणून. मला काही बोलले नाहीत, उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, होतं असं कधीकधी.

मधल्या सुट्टीत मी त्याला सॉरी म्हणालो, वाक्य विसरलो म्हणून. तो म्हणाला, "वाक्य विसारलंस ता काय नाय रे. तू माझ्याकडे बघलंसच नाय."

त्या वर्षी तो नववीत बसला. पुढच्या वर्षी शाळा सोडली.

*

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझं म्हणणं काय, शाळेत नाटक हा विषय असता तर तो पास झाला असता? अजिबात नाही. गणितात त्याला खरंच काही येत नव्हतं, आणि गणिताला नाटक हे उत्तर नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या शाळेत आठवड्यातला एक तास जरी असा असता ज्यात तो जागा असता, आणि ज्यात त्याला येतं आणि आम्हाला येत नाही हे सगळ्यांना दिसलं असतं, तर त्याचं काय झालं असतं माहीत नाही, पण आमचं बरं झालं असतं. निदान मला एसटीला छत्रीनं उत्तर द्यावं लागलं नसतं.

नाटक शाळेत नाही असं तसं म्हणता येणार नाही. आहे की! फक्त ज्या रूपात आहे त्यात नाटक सोडून सगळं आहे. मराठीच्या पुस्तकात दर एक-दोन वर्षांनी एखादा नाट्यउतारा असतो. तो बाई वाचून दाखवतात, फार तर दोन मुलांना पात्रं वाटून वाचायला लावतात, आणि मग त्याचं होतं 'कोण कोणास म्हणाले?' दोन मार्क. म्हणजे बघा, नाटकाबद्दल विचारायचा सगळ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न आपण शोधून काढलाय. का म्हणाले, ऐकणार्‍याचं काय झालं, तो गप्प का राहिला, याचे मार्क नाहीत.

मग नाट्यछटा स्पर्धा. दिवाकरांनी नाट्यछटा लिहिल्या तेव्हा त्यात गंमत अशी होती की एकच माणूस बोलतो, पण समोरचा काय बोलला असेल ते आपल्याला त्याच्या बोलण्यातून कळतं. अवघड प्रकार आहे तो, समोर नसलेल्याचं ऐकायचं. शाळेच्या स्पर्धेत त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. आईनं पाठ करून घेतलेलं, हातवारे ठरवून दिलेले, रडायची जागा ठरलेली. वक्तृत्व तेच, एकपात्री तेच, पाठांतर स्पर्धा तर नावच सांगते. सगळे प्रकार एकट्यानं करायचे आणि सगळे घोकून करायचे. दोन मुलांनी एकमेकांचं ऐकून काहीतरी करायचं असा एकही प्रकार मला शाळेच्या आठवणीत सापडत नाही. कबड्डी सोडून.

आणि आपली भाषाच बघा ना. 'नाटकं करू नकोस', 'नाटकी आहे नुसता', 'काय तमाशा लावलाय'. ज्या मराठी माणसाला नाटकवेडा म्हणून मिरवायला आवडतं, त्याच्या घरात नाटक हा शब्द पोराला दटावायलाच वापरतात.

*

वर्कशॉपनंतरच्या वीकेंडला मी गावी गेलो. जत्रांचे दिवस होते. मित्राला फोन केला तर म्हणाला, रात्री पलीकडे खेळ आहे, ये. होडीनं कर्ली ओलांडून गेलो. (याच कर्लीच्या खाडीनं आत वर गेलात की वालावल, नेरूर. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर, वालावलकर, या कंपन्यांची नावं आमच्याकडे पोरांना क्रिकेट टीमसारखी पाठ असतात.)

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२५ मधे दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आल्यापासून पुण्या-मुंबईत निदान नाव तरी माहीत झालंय. देवळापुढे मांडव, एक पडदा, एक लाकडी बाक. तो बाक म्हणजे सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. एका कडेला पायपेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर वगैरे. मग मध्यरात्रीच्या सुमाराला आख्यान, ते उजाडेपर्यंत. शेवटी दहीहंडी फुटते, म्हणून आमच्याकडे अख्ख्या खेळालाच धयकालो म्हणतात. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि काही जण अशी करतात की आमच्या आज्या त्यांच्या नेसण्यातल्या चुका काढण्याऐवजी त्यांच्याकडून शिकतात.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. लिहिलेलं नाटक नसतं. रंगायला बसल्यावर ठरतं, आज कुठलं आख्यान, कोण कुठला पार्ट करणार, प्रवेश कुठल्या क्रमानं. संवाद ठरत नाहीत. तुमचा राजा, माझा राक्षस, बाकावर भेटू. तू काय बोलणार ते मला माहीत नाही, मी काय बोलणार ते तुला माहीत नाही. पुराण मात्र दोघांनाही माहीत पाहिजे, आणि राजाची भाषा राजाची पाहिजे. म्हणजे माझ्या 'अशुद्ध' भाषेच्या मित्राला बाराव्या वर्षी संस्कृतप्रचुर मराठीत तत्काळ बोलता येत होतं, आणि सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रात्री तो राजपार्टी होता. मी मुद्दाम त्याच्याकडे न बघता, जो बोलत नव्हता त्याच्याकडे बघत होतो. तुम्हीही कधी गेलात तर करून बघा. राजा बोलत असताना राणी झालेला नट नुसता उभा नव्हता. ऐकत होता. राजाच्या बोलण्यात एक शब्द आला, 'वचन', आणि राणीची मान जराशी उचलली गेली. तिला तिचं पुढचं वाक्य सापडलं होतं. त्याच क्षणी पेटीवाल्याची बोटं सुरांवर गेली, कारण तो राणीच्या मानेकडे बघत होता. मृदंगवाला पेटीवाल्याकडे. आमच्या ऑफिसात एकवीस लोकांच्या स्टँडअप मीटिंगमधे हे घडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिथे प्रत्येकजण काल काय केलं, आज काय करणार हे मनात घोकत आपल्या नंबरची वाट बघत असतो.

मराठी रंगभूमीची सुरुवातही अशीच झाली होती हे आपण विसरलो. १८४३ मधे सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याच दिवसावरून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. भाव्यांच्या त्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापलं भाषण प्रसंग बघून आयत्या वेळी करायची. लिहिलेली संहिता आणि तिचं पाठांतर हे सगळं नंतरचं. १९८० च्या 'वस्त्रहरण'मधे गवाणकरांनी याचीच धमाल केली. गावची मंडळी महाभारत करायला निघतात, सगळं बिघडत जातं, आणि तरी खेळ थांबत नाही. मालवणी माणूस ते बघून इतका हसतो त्याचं एक कारण हे आहे की खेळ थांबवायचा नसतो हे त्याला आतून माहीत आहे.

*

आता मुद्द्यावर येतो. शाळेत, म्हणजे आठवी-नववीत, नाटक शिकवावं का? माझं उत्तर हो. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, मार्क द्यायचे का? आणि इथे माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

आपल्याकडे एखादी गोष्ट विषय झाली की तिचं काय होतं हे सांगायला नको. नवनीतचं गाइड येईल. 'इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काय? पाच गुण लिहा.' आणि पोरं ते पाठ करतील! दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे आणि लोककलेचे वाढीव मार्क मिळतात. हेतू चांगलाच होता. पण माझ्या ओळखीत जी मुलं आठवीत एलिमेंटरीला बसली, त्यातल्या किती जणांनी दहावीनंतर ब्रश हातात धरला? मी स्वतः इंटरमिजिएट बी ग्रेड आहे. माझ्याकडून एक वांगं काढून दाखवायची हिंमत कुणी करू नये. :)

केरळचं उदाहरण सगळे देतात. तिथला शालेय कलोत्सव १९५७ पासून चालू आहे, प्रचंड मोठा असतो, नाटक तर असतंच, पण कथकली, कूडियाट्टमसारखे पारंपरिक प्रकारही शाळकरी मुलं करतात. मला त्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे दशावतार, खेळे, नमन शाळांच्या अशा उत्सवात त्याच मानानं असते तर! पण तिथेही ग्रेस मार्क आले, चढाओढ आली, निकालांवरची अपिलं आली, आणि ईर्षा एवढी वाढली की कलाप्रतिभा-कलातिलकम हे मानाचे किताबच बंद करावे लागले. उलट इंग्लंडात जीसीएसईला नाटक हा चक्क परीक्षेचा विषय आहे, आणि त्यातला मोठा भाग हा मुलांनी मिळून स्वतः उभं केलेल्या नाटकाचा असतो, लिहून आलेल्या नव्हे. म्हणजे मार्क देऊनही ऐकणं शिकवता येत असेल, नाही असं नाही. पण त्यासाठी ऐकणं ओळखणारा परीक्षक लागतो. आपल्याकडे तो येईपर्यंत मार्क नकोत, एवढंच माझं म्हणणं.

सरकारी कागदांवर मात्र आपण कधीच मागे नव्हतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यांवर एक वेगळा निबंधच निघाला होता, आणि त्यात दहावीपर्यंत हे सक्तीचं करा असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर सात वर्षांनी माझी नववी झाली. आमचा कलेचा तास गणिताचे सर 'पोर्शन राहिलाय' म्हणून घ्यायचे. मग २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आलं, २०२३ चा आराखडा आला, त्यात नववी-दहावीतही कला हा बाकीच्या विषयांच्या रांगेत बसवला. २०२४ मधे एनसीईआरटीनं सहावीसाठी 'कृति' नावाचं पुस्तक काढलं, त्यात चित्र-शिल्प, संगीत, नृत्य आणि चक्क नाट्य असे वेगळे भाग आहेत. चांगलंय. पण मला त्या सगळ्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं. स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून शाळेत आणा, असं धोरण म्हणतं. बीएड न झालेल्या माणसाला! हे जर खरंच करायचं असेल तर सिंधुदुर्गाएवढा सोपा जिल्हा दुसरा नसेल. इथे नाटकाचा मास्तर शोधायला जाहिरात द्यायला नको. तो शाळेच्या कुंपणापलीकडे नांगर धरून उभा आहे.

मराठी शाळेनं नाटकाला आसरा दिल्याची एक मोठी गोष्ट आहे, आणि ती मला नेहमी थोडी टोचते. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७१ मधे 'आविष्कार' सुरू झालं, पुढे १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं व्हायला लागली, आणि मुलांसाठी 'चंद्रशाला' निघाली, 'दुर्गा झाली गौरी' आलं. मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी त्या इमारतीतून गेली. पण लक्षात घ्या, हे सगळं शाळा सुटल्यावर. छप्पर एक, वेळापत्रक वेगळं. रत्नाकर मतकरींनी तर शेवटच्या वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, मुलांनी स्वतःच्या आयुष्यातले विषय घेऊन नाटकं केली. तेही शाळेबाहेरच. आमच्याकडे कणकवलीचं आचरेकर प्रतिष्ठान, कुडाळचं बाबा वर्दम थिएटर्स, ही मंडळी वर्षानुवर्षं काम करतायत. मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. म्हणजे ज्याला मुळात गोडी आहे आणि ज्याचे आईबाप सोडतात, त्याला वाट आहे. माझ्यासारख्या बावळटाला नव्हती. आणि खरी गरज बावळटांनाच असते, भालदार तर शिकूनच आला होता.

आणखी एक. दशावतारात मुली सहसा नसतात. परंपरा आहे, मी त्यावर वाद घालत नाही. पण शाळेच्या वर्गात निम्म्या मुली असतात. शाळेचा तास झाला तर तीच विद्या त्यांच्याही हातात पडेल. म्हणजे शाळेनं दशावताराकडून नुसतं घ्यायचं असं नाही, द्यायलाही शाळेकडे काहीतरी आहे.

*

पहाटे खेळ संपला. मित्र खोबरेल तेलानं रंग उतरवत बसला होता, मी बाजूला. माझी सगळी थिअरी त्याला ऐकवली. वर्कशॉप, एसटी, छत्री, सगळं. छत्रीवर तो खूप हसला. मग म्हणाला, "ता सगळा बरा आसा. पण मार्क नको हां. मार्क इले की पोरां पाठ करतली." मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण या निष्कर्षाला यायला मला दोन रात्री लागल्या होत्या.

मग मी त्याला वेळापत्रकाचा प्रश्न टाकला. तो रात्री जागणार, मग दिवसा शिकवणार कधी? त्यानं माझ्याकडे मी अजून नववीतच असल्यासारखं बघितलं. कार्तिकात जत्रा सुरू होतात, मेअखेर पाऊस आला की संपतात. जून ते ऑक्टोबर पेटारा माळ्यावर. देवबागात तर जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळही बंद, होड्या वर ओढलेल्या. (दिवसा तो पर्यटकांची बोट चालवतो, आणि माझ्यापेक्षा सुखी दिसतो हे नोंदवून ठेवतो.) आणि शाळा कधी सुरू होते? जूनच्या मध्याला. म्हणजे शाळेचं पहिलं सत्र आणि दशावतार्‍याचा रिकामा काळ एकमेकांवर बरोब्बर बसतात! मी सहा वर्षं शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर लिहितोय आणि हे मला सुचलं नव्हतं.

पहिल्या सत्रात आठवड्याला एक तास, आठवी आणि नववी. पुस्तक नाही, परीक्षा नाही, गॅदरिंगशी संबंध नाही. एक बाक, दोन पोरं, एक गोष्ट. उरलेल्यांनी बघायचं, पण बोलणार्‍याकडे नाही, ऐकणार्‍याकडे. वीसेक तास होतील. त्यातून कुणी नट होणार नाही, व्हायची गरजही नाही.

शाळेशी बोलायला मी तयार आहे. सर आता निवृत्त झालेत, नवीन हेडमास्तर तरुण आहेत असं ऐकतो. मित्रही तयार आहे, भीड फक्त एका गोष्टीची आहे, ज्या दारातून त्याला बाहेर काढलं त्याच दारातून आत जायचं. ती त्यानं बोलून दाखवली नाही. रंग पुसत पुसत एवढंच विचारलं, "शाळावाले पैसे देतले काय, का नुसतो शाल नि नारळ?"

वर्कशॉपवाल्या बाईंनी चार तासांचे किती घेतले ते मला अकाउंट्समधल्या मित्राकडून कळलं होतं. तो आकडा मी त्याला सांगितला नाही. आमचे माजी विद्यार्थी आता पुण्या-मुंबईत आणि दुबईत बरेच आहेत. वीस तासांचं मानधन, म्हणजे जत्रेतल्या एका रात्रीला तो जे घेतो त्या हिशेबानं, आम्ही दहाजणांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी एका वीकेंडच्या हॉटेलिंगएवढंही येत नाही. मी हिशेब मांडलाय, एक्सेल शीट तयार आहे. मे महिन्यात गावी जाणार्‍यांनी मला कळवा, हेडमास्तरांना भेटायला एकट्यानं जायची माझी तयारी नाही.